म्हशीचे तीन टेक

मी त्रेपन्न वर्षांची आहे, आणि महिन्यातून दोन-तीनदा दहा वर्षांचा मुलगा होते.

हुबळीत कोप्पीकर रोडच्या मागच्या एका गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे. जिना इतका अरुंद की वरून कोणी उतरत असेल तर खालच्याने मुकाट्याने पुन्हा रस्त्यावर यायचं. खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेत, त्यावर जुन्या गोधड्या, आणि मधोमध माइक. आत गेल्या गेल्या मी बांगड्या काढून पर्समध्ये टाकते, मंगळसूत्र गळ्याशी आत सरकवते, आणि पंखा बंद होतो. एप्रिल असला तरी बंद होतो. या कामाला रेशमी साडी चालत नाही, ती सळसळते आणि माइकला नको ते सगळं ऐकू येतं. मग मी टाचा उचलते, हनुवटी पुढे काढते, आवाज छातीतून वर आणून टाळूला टेकवते आणि आईकडे नवी वही मागते. जाहिरात एकदा कन्नडात होते, एकदा मराठीत. कन्नड इकडे वाजतं, मराठी बेळगाव-खानापूर-निपाणीकडे.

आमचं घर धारवाडला, माळमड्डीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. यात विशेष काही नाही, इथं अशी घरं पुष्कळ. कन्नडचे एवढे मोठे कवी द. रा. बेंद्रे, त्यांच्याही घरची भाषा मराठीच होती. दोन भाषांमध्ये वाढलेल्या माणसाला लहानपणापासून एक खोड लागते, समोरचा कसा बोलतो ते आधी ऐकायचं, काय बोलतो ते नंतर. माझ्या पोटापाण्याला ती खोड उपयोगी पडली.

गेल्या दिवाळीत बंगळूरहून भाचा आला. संध्याकाळी लाइन बझारमधून पेढे घेऊन आला आणि लॅपटॉप उघडून म्हणाला, "आत्या, तुझंच काम करणारी एक बाई दाखवतो." पडद्यावर पिवळ्या कातडीचा, डोक्यावर करवतीसारखे दाते असलेला एक व्रात्य मुलगा होता. बार्ट सिम्पसन. त्याला आवाज देते नॅन्सी कार्टराइट ही बाई. १९८७ मध्ये ती ऑडिशनला गेली होती बार्टच्या बहिणीच्या, लिसाच्या कामासाठी. तिथं तिनं बार्टचं वर्णन वाचलं आणि मला हाच द्या म्हणाली. तेव्हापासून ती दहा वर्षांचीच आहे. लिसाचं काम करणारी यर्डली स्मिथ मात्र बार्टसाठी आली होती, पण तिचा आवाज मुलासाठी फारच बारीक ठरला. म्हणजे दोघी चुकीच्या दारातून आत शिरल्या आणि बरोबर खोलीत पोचल्या.

'द सिम्पसन्स' ही मालिका सुरू झाली १७ डिसेंबर १९८९ ला, आणि अजून चालू आहे. साडेसातशेहून जास्त भाग झालेत. कार्टून म्हटलं की आपल्याकडे पोरांचं काहीतरी, जेवण भरवताना लावायचं, अशी समजूत. हे मोठ्यांचं कार्टून. मोठ्यांचं म्हणजे नुसतं चावट नव्हे. बाप अणुवीज प्रकल्पात नोकरी करतो आणि तिथं झोपा काढतो, मालक म्हातारा आणि महाचिक्कू, घराचे हप्ते थकलेले, बायको समंजस आणि म्हणून दमलेली, रविवारी देवळात जाऊन डुलक्या. यातलं पोराला काय कळणार? चाळिशीच्या माणसाला मात्र हसता हसता खिसा चाचपावासा वाटतो.

एवढं सगळं गाव मुख्यतः सहा माणसांच्या गळ्यात राहतं. डॅन कास्टेलानेटा हा बाप होमर, होमरचा म्हातारा बाप, टीव्हीवरचा विदूषक क्रस्टी आणि गावचा नगराध्यक्षही. हॅरी शिअरर हा कंजूष मालक बर्न्स, आणि त्याच्यापुढे लाळ घोटणारा त्याचा सहायक स्मिदर्ससुद्धा. म्हणजे एकच माणूस स्वतःलाच हुकूम देतो आणि स्वतःच "होय साहेब" म्हणतो. हे ऐकल्यावर मला आमच्या काही ओळखीच्यांची आठवण झाली, पण ते असो.

भाच्यानं विचारलं, "आधी चित्र की आधी आवाज?" मी लगेच म्हटलं, चित्र. आम्ही डबिंगवाले असंच करतो. पडद्यावर कोणाचं तरी तोंड आधीच हललेलं असतं आणि आम्ही त्या तोंडात आपले शब्द कोंबतो. जपानी ओठ तीनदा उघडले तर हिंदी शब्दही तीनदाच ओठ उघडणारा शोधायचा. प, ब, म आले की ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत. पण तिकडे उलटं. आधी संहिता, मग सगळ्यांनी टेबलाभोवती बसून मोठ्यानं वाचन, मग आवाजाचं रेकॉर्डिंग, आणि त्या आवाजावर चित्रकार तोंडं हलवतात. नट हसला तर पात्र हसतं, नटानं आवंढा गिळला तर पात्राचा गळा हलतो. बरीचशी चित्रं दक्षिण कोरियात काढली जातात आणि एक भाग पुरा व्हायला सहा-आठ महिने सहज जातात. याला अपवाद 'साउथ पार्क'. १९९७ पासून चालू असलेली ही त्याहून कितीतरी तिखट मालिका. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन हे दोघे मित्र ती लिहितात, बहुतेक पात्रांना आवाजही तेच देतात, आणि आठवड्याभरात भाग तयार करून सोडतात. त्यामुळे सोमवारी झालेल्या गोष्टीची बुधवारी टर उडवता येते.

होमरला काही बिघडलं की तो एक आवाज काढतो, 'डो!' असा काहीसा. संहितेत हा शब्द नसतोच, तिथं नुसतं वैतागल्याचा हुंकार असं लिहिलेलं असतं. कास्टेलानेटानं तो उचलला लॉरेल आणि हार्डीच्या सिनेमांतल्या जेम्स फिनलेसन या नटाकडून. फिनलेसन तो लांबवायचा, यानं तो कापला, आणि तेवढ्यावर तो हुंकार २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसला. भाचा म्हणाला, "आत्या, हे धारवाडी कन्नडात कसं म्हणशील?" मी "अय्य शिवने!" म्हणून पाहिलं, फार सात्त्विक झालं. मग "मंग्यान मगना!" म्हणून पाहिलं. माकडाच्या पोरा. ही इथली सर्वमान्य शिवी, बाप मुलाला लाडानंही देतो. पण ती दुसऱ्याला द्यायची असते आणि होमरला वैताग स्वतःचाच असतो. अर्धा तास आम्ही दोघं दिवाणखान्यात बसून नुसते हुंकार काढत होतो. आतून वहिनीनं येऊन पाहिलं आणि काही न बोलता परत गेली.

ही मालिका कन्नडात का नाही, याला मोठा इतिहास आहे. कर्नाटकात साठच्या दशकापासून डबिंगला अलिखित बंदी होती. परभाषेतले सिनेमे कन्नडात डब होऊन यायला लागले तर कन्नड नटांची, तंत्रज्ञांची, लेखकांची चूल कशी पेटणार, असा मुद्दा होता आणि त्या काळी तो खोटा नव्हता. कायदा नव्हता, पण चित्रपट उद्योगाचा धाकच तेवढा होता. २०१२ मध्ये आमिर खानचं 'सत्यमेव जयते' इतर भाषांत डब होऊन लागलं, कन्नडात लागू शकलं नाही. शेवटी जुलै २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं ही अडवणूक बेकायदा ठरवून कर्नाटकच्या चित्रपट वाणिज्य मंडळासह काही संघटनांना दंड केला. २०१७ मध्ये तमिळ नट अजितचा एक सिनेमा कन्नड बोलत थिएटरात आला. लहान मुलांसाठी चिंटू टीव्ही २००९ पासून होता, एवढाच काय तो दिलासा.

याचा परिणाम माझ्या गल्लीत मी कानांनी ऐकलाय. आमच्याकडची पोरं हिंदी शिकली ती शाळेत नव्हे, डोरेमॉन आणि शिनचॅनकडून. शेजारच्या लिंगायत घरातला पाच वर्षांचा मुलगा अज्जीशी धारवाडी कन्नड बोलायचा आणि हट्ट करायचा तो मात्र हिंदीत, तोही नाकातून, शिनचॅनच्या सुरात. अज्जीला वाटायचं पोराला सर्दी झालीय. आता हा शिनचॅनही मुळात मोठ्यांचाच. योशितो उसुई यांनी १९९० मध्ये तो काढला तो जपानमध्ये मोठ्या पुरुषांच्या चित्रकथा-साप्ताहिकात. पाच वर्षांचं पोर, पण विनोद त्याच्या आईबापांच्या संसाराचा. इकडे तो लहान मुलांच्या चॅनेलवर आला आणि आईवडिलांनी तक्रारी केल्या. २००८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं तो बंद करायला लावला, मग काटछाट करून परत आला. जपानीत त्याला पंचवीसेक वर्षं आवाज दिला अकिको याजिमा या बाईनं. हिंदी डोरेमॉन म्हणजे सोनल कौशल, हिंदी निंजा हातोडी म्हणजे आपली मेघना एरंडे. जगभर वात्रट पोरांच्या तोंडात बायकाच बसलेल्या आहेत. खऱ्या मुलाला घेतलं तर दोन-तीन वर्षांत त्याचा आवाज फुटतो. आमचा फुटायचा तेवढा आधीच फुटून झालेला असतो.

भाच्यानं मग पाहुण्यांचे भाग दाखवले. मला खरं नवल वाटलं ते इथं. नामवंत माणसं या मालिकांत येतात, आणि बहुतेकदा स्वतःचीच फजिती करून घ्यायला येतात. ही रीत जुनी. साठच्या दशकातल्या 'द फ्लिंटस्टोन्स' या अश्मयुगातल्या कार्टूनमध्ये टोनी कर्टिस हा नट 'स्टोनी' कर्टिस होऊन आला होता. सिम्पसनच्या घरी तर रीघच लागली. १९९१ मध्ये मायकेल जॅक्सन आला. वेड्यांच्या इस्पितळात भेटलेला एक धिप्पाड गोरा रुग्ण स्वतःला मायकेल जॅक्सन समजतो, आणि त्या रुग्णाचा आवाज खुद्द जॅक्सनचा! श्रेयनामावलीत त्याचं नाव नव्हतं, जॉन जे स्मिथ असं टोपणनाव होतं, आणि गाणी त्यानं न गाता दुसऱ्या नकलाकाराकडून गाऊन घेतली. म्हणजे खरा माणूस नकली असल्याचं सोंग करतोय आणि नकली माणूस खऱ्यासारखं गातोय. १९९२ मध्ये एलिझाबेथ टेलर आली ती एका शब्दासाठी. घरातलं तान्हं बाळ मॅगी कधी बोलत नाही, ते पहिल्यांदा 'डॅडी' म्हणतं, तेही ऐकायला तिथं कोणी नसताना. टॉमस पिंचन हा अमेरिकन कादंबरीकार जन्मभर फोटोही काढू देत नाही. २००४ मध्ये त्यानं आवाज दिला आणि पडद्यावर त्याच्या डोक्यावर कागदी पिशवी होती. स्टीफन हॉकिंग १९९९ मध्ये आले. त्यांचा आवाज यंत्राचाच, तरी तो आवाज म्हणजे हॉकिंगच, दुसरं कोणी नाही.

आणि 'साउथ पार्क'मध्ये १९९७ मध्ये जॉर्ज क्लूनी आला. अंगानं, चेहऱ्यानं एवढा राजबिंडा नट. त्याला काम दिलं कुत्र्याचं. तो भुंकला. संवाद एकही नाही. या मालिकेच्या सुरुवातीलाच एक पाटी येते, त्यात बजावलेलं असतं की नामवंतांचे आवाज ही नक्कल आहे आणि तीही भिकार. म्हणजे तिथं नामवंतांची नक्कल दुसरेच करतात आणि खरा नामवंत आला तर त्याला भुंकायला लावतात.

भाचा हसून लोळत होता. "असली डोकी आपल्याकडे नाहीत, आत्या," म्हणाला. मी त्याला म्हटलं, गप्प बस आणि ऐक.

माझं आजोळ नवलगुंद तालुक्यात, काळ्या मातीच्या मुलखात. पाऊस म्हणजे तिथं देव, आणि रुसणारा देव. मी आठेक वर्षांची असेन. त्या साली पाऊस लांबला आणि गावानं किळ्ळेक्यातांना बोलावलं. तोगलु गोंबेयाट, म्हणजे कातडी बाहुल्यांचा खेळ. तो केला की पाऊस येतो ही जुनी समजूत. दिवसभर त्या लोकांनी देवळापुढे बांबू रोवून तिन्ही बाजूंनी कांबळी लावली, पुढून पांढरं धोतर ताणून बांधलं. मागे दिवा. बकऱ्याचं कातडं घासून घासून असं पातळ केलेलं की उजेड त्यातून लाल, हिरवा, पिवळा होऊन गाळून येई. आधी गणपती आला, मग सरस्वती. मग रामायण सुरू व्हायच्या आधी, मधे आणि मन मानेल तेव्हा, किळ्ळेक्यात.

हा विदूषक. काळा, जाड ओठांचा, पोट सुटलेला, हातपाय खिळखिळे. त्याच्यावरूनच त्या जमातीला नाव पडलं. आता शिळ्ळेक्यात म्हणतात. त्याची बायको बंगारक्का, त्याच्यापेक्षा तिखट. रामाचा वनवास थांबवून हे दोघे आपला संसार काढून बसत, आणि जे बोलत ते मी इथं लिहू शकत नाही. अज्जीनं माझे कान लुगड्याच्या पदरानं झाकले होते. लुगडं धुवून धुवून विरलेलं, सगळं ऐकू येत होतं. अर्धं तेव्हा कळलं, उरलेलं लग्नानंतर.

या सगळ्यांना आवाज एकच माणूस देत होता. राम, रावण, मारुती, किळ्ळेक्यात. पायाखाली फळी होती, तिच्यावर टाच आपटून तो लढाईचा धडाका करी. बायकांचे आवाज त्याची बायको देई, सीतेचाही आणि बंगारक्काचाही. संहिता नाही, टेबलाभोवतीचं वाचन नाही, चित्र आधी की आवाज आधी हा प्रश्नच नाही. दोन्ही एकाच श्वासात.

आणि पाहुणे? गावचा गौडा, म्हणजे पाटील, पुढच्या रांगेत घोंगडीवर बसला होता. त्याला खोकायची सवय होती. दोन कोरडे ठसके, मधे थांबा, मग एक लांब. किळ्ळेक्यात कर्ज मागायला कोणाच्या तरी दारात गेला. दार उघडेना. आतून खोकला ऐकू आला. दोन कोरडे, थांबा, एक लांब. माणसं क्षणभर चिडीचूप झाली आणि मग जो हशा फुटला! खेळ करणारा त्याच दिवशी सकाळी गौडाच्या घरी ज्वारी मागायला गेला होता, तेवढ्यात त्यानं तो खोकला कानात भरून आणला होता. पडद्यामागून पुन्हा एकदा तो खोकला आला. या वेळी हशा विरायच्या आत पुढच्या रांगेतून खऱ्या गौडानं उत्तर दिलं. दोन कोरडे, थांबा, एक लांब. मुद्दाम. घोंगडीवर बसल्या बसल्या, मिशीत हसत. किळ्ळेक्यात दचकून मागे उलथा पडला. सकाळी त्या लोकांना एक पोतं ज्वारी आणि नवं धोतर मिळालं.

माझ्या हिशेबानं तो पाहुणा कलाकार क्लूनीच्या जातीचा. टर उडत असताना लपायला जागा नसते, तेव्हा पुढे होऊन आपला आवाज आपणच द्यायचा. पडद्यामागच्या माणसाला पडदा आहे, तो काहीही बोलून मोकळा होतो. पाहुणा पडद्याशिवाय येतो, म्हणून हशातला मोठा वाटा त्याचा.

पहाटे मी पडद्यामागे डोकावले. दिव्याशेजारी ती बाई, मांडीवर तान्हं मूल, तोंडानं अशोकवनातल्या सीतेचा विलाप कन्नडात. मूल किरकिरलं. विलापाच्या दोन ओळींमधल्या जागेत तिनं शेजारच्या मोठ्या पोरीला खालच्या आवाजात चार शब्द सुनावले, आणि ते मराठी होते! वळण वेगळं, हेल वेगळे, पण मराठीच. मला कळले. मी धावत अज्जीकडे गेले, अज्जी, सीता मराठी बोलते. अज्जी अर्धवट झोपेत म्हणाली, "ते आपल्याच बोलीचे गं."

अज्जी खरं बोलत होती. एडगर थर्स्टननं १९०९ मध्ये छापलेल्या दक्षिण हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या ग्रंथात किळ्ळेक्यातांची नोंद कानडी मुलखात फिरणारी मराठी जात अशीच केली आहे. घरात मराठी वळणाची बोली, पडद्यावर कन्नड. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला कातडी बाहुल्या नाचवणारे मंडिगर लोक पडद्यावर तमिळ आणि घरात मराठी बोलतात. महाराष्ट्रातही कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी करतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि २०२५ मध्ये ती मिळाली आमच्या बाजूच्या, गदगच्या पुढच्या कोप्पळ जिल्ह्यातल्या मोरनाळ गावच्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यात यांना. वय शहाण्णव. टीव्हीवर त्यांना पाहिलं तेव्हा मी हातातली भाजी तशीच ठेवून उभी राहिले.

ही विदूषक-जोडी आपल्याकडे कुठं कुठं डोकावते ते बघा. पाध्यांचे बोलके बाहुले, अर्धवटराव आणि आवडाबाई, पुन्हा नवराबायकोच. धारवाडात वाढलेल्या गिरीश कर्नाडांनी 'हयवदन'मध्ये जत्रेतून आणलेल्या दोन बाहुल्यांना बोलायला लावलं, आणि बाईच्या मनातलं जे नाटकातल्या कुठल्याही माणसानं बोलायचं धाडस केलं नसतं ते त्यांच्या तोंडून वदवलं. विजया मेहतांनी ते नाटक मराठीत आणलं. कर्नाड स्वतःही एकदा आवाजाचे पाहुणे झाले होते. अब्दुल कलामांच्या आत्मचरित्राचं इंग्रजी ध्वनिपुस्तक त्यांनी वाचलंय. तिथं चेष्टा नाही, पण दुसऱ्याच्या 'मी'मध्ये शिरून बोलणं आहेच.

आवाजावरून माणूस ओळखता येतो असं म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही, कारण मी गंगूबाई हनगलांच्या गावची. लहानपणी धारवाड आकाशवाणीवर त्यांचं गाणं लागलं की मला वाटायचं, कोणी धिप्पाड बुवा गातायत. मग हुबळीत एकदा त्यांना पाहिलं. किरकोळ अंगाची, नऊवारीतली बाई. तरुणपणी त्यांचा आवाज नाजूकच होता, त्या काळच्या रेकॉर्डवर तो ऐकायला मिळतो. घशाच्या उपचारानंतर तो भारदस्त झाला. त्यांनी तो बारीक करायचा खटाटोप केला नाही, तोच आपला मानला.

पण दुसऱ्याचा आवाज आपला म्हणून वापरला की प्रश्न येतो, आणि तो सिम्पसनवाल्यांपुढेही आला. त्यांच्या गावात अपू नावाचा भारतीय दुकानदार आहे. त्याचा आवाज वर्षानुवर्षं हँक अझारिया या गोऱ्या नटानं काढला, आणि तो हेल त्यानं घेतला होता पीटर सेलर्सच्या १९६८ च्या 'द पार्टी'मधून. म्हणजे गोऱ्यानं केलेल्या भारतीयाच्या नकलेची नक्कल. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय पोरांना शाळेत त्याच हेलात चिडवलं गेलं. हरी कोंडाबोलू या विनोदकारानं २०१७ मध्ये त्यावर माहितीपट काढला, २०२० मध्ये अझारियानं ते काम सोडलं. भाचा म्हणाला, यात काय एवढं, विनोदच तर आहे. माझं मत त्याच्यासारखं नाही. किळ्ळेक्यातानं गौडाचा खोकला काढला तेव्हा गौडा समोर बसला होता, उलटून खोकू शकत होता. अपूला उलटून खोकायची सोय नव्हती.

आता पैसा. १९९८ मध्ये सिम्पसनच्या सहा जणांनी मानधनासाठी हट्ट धरला. वाहिनीनं बदली नट शोधायची धमकी दिली. शेवटी भागाला तीस हजार डॉलरचे सव्वा लाख झाले. चेहरा कोणी ओळखत नाही, पण आवाज बदलला तर तिसऱ्या वाक्याला लोक ओळखतात, हे वाहिनीलाही ठाऊक होतं. त्याआधी पन्नासेक वर्षं मेल ब्लँक, म्हणजे बग्ज बनीचा आवाज, पगारवाढ मिळेना म्हणून पडद्यावर नाव तरी द्या म्हणाला होता. ते मिळालं, आणि आवाजवाल्यांचं नाव झळकायला लागलं. १९६१ मध्ये अपघातात तो बेशुद्ध झाला, दोन आठवडे कशालाच प्रतिसाद देईना. शेवटी डॉक्टरनं त्याला नावानं न हाकारता विचारलं, बग्ज बनी, कसं वाटतंय? उत्तर सशाच्या आवाजात आलं.

माझ्या नावाची पाटी कुठं लागलेली नाही. चार वर्षांपूर्वी एका जाहिरातवाल्यासाठी साड्यांच्या सेलची गाडीवरची दवंडी केली होती, आठ दिवस वाजवायची म्हणून पाचशे रुपयांत. परवा दुर्गदबैलात भाजी घेत होते, तर समोरून ऑटो आला आणि त्याच्या भोंग्यातून मीच मला शेवटचे तीन दिवस उरल्याचं सांगत गेले. चार वर्षं तीनच दिवस उरलेत. फोन केला तर म्हणाला, "अक्का, तुमचा आवाज काय जुना होतोय का?" याचा राग यावा की नको? आता तर यंत्रं दोन मिनिटांच्या नमुन्यावरून आवाज बनवतात. २०२३ मध्ये अनिल कपूर दिल्ली उच्च न्यायालयात गेले, २०२४ मध्ये अरिजित सिंग मुंबई उच्च न्यायालयात, आणि आपला आवाज परवानगीशिवाय वापरू नये असे आदेश त्यांना मिळाले. ते मोठे लोक. दुर्गदबैलातल्या ऑटोमागे मी पिशवी घेऊन किती धावणार.

गेल्या मंगळवारी पुन्हा जिना चढले. पशुखाद्याची जाहिरात होती. वहीवाला मुलगा नव्हता, आईही नव्हती. रेकॉर्डिंग करणाऱ्या पोरानं पंखा बंद केला आणि ओशाळून म्हणाला, "अक्का, आज डायलॉग नाही. म्हैस आहे. खाद्य खाऊन खूश झालेली." मी बांगड्या काढल्या. टाचा खालीच ठेवल्या, हनुवटी छातीला टेकवली, आवाज पार पोटात नेला. पहिल्या टेकला म्हैस आजारी वाटली. तिसऱ्याला जरा जास्तच लाडात आली. दुसरा ठेवला. घरी येऊन भाच्याला पाठवला, तर त्याचं उत्तर आलं, "आत्या, क्लूनी!"